उन्हाच्या मुलखातला अधिकाऱ्याचा गणवेश

उष्ण मुलखात नोकरी करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी शिवलेले जुने गणवेश हा संग्राहकांचा एक स्वतंत्र विषय आहे. त्यात सुती ड्रिलचे खाकी कोट येतात, रात्रीच्या मेजवानीची पांढरी आखूड जाकिटे येतात, भेंडाच्या हॅटी, त्यांवर गुंडाळायचे फेटे, कमरबंद, चामडी पट्टे, पितळी बटणे आणि खांद्यावरचे तारे येतात. काळ साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. थंड देशांतल्या लाल-निळ्या, कलाबतूने मढवलेल्या गणवेशांपुढे हे कपडे साधे दिसतात, म्हणून ते जपण्याची बुद्धी फार थोड्यांना झाली. पण परकी सत्ता इथल्या हवेत कशी टिकून राहिली आणि त्या हवेने तिला काय काय सोडायला लावले, हे याच कपड्यांवर वाचता येते.

रायपूरसारख्या गावाचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. छत्तीसगडावर १७४१ नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर १८१८ मध्ये कारभारावर इंग्रजांची देखरेख आली आणि ॲग्न्यू या अधिकाऱ्याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, आणि नव्याने उभारलेल्या नागपूरच्या इर्रेग्युलर फौजेची तिसरी पायदळ पलटण रायपुरात राहू लागली. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि जुलैपासून हवा इतकी ओली होते की पेटीतल्या कपड्यालाही दमट वास येतो. इंग्लंडच्या हवेसाठी ठरलेला पोशाख अशा ठिकाणी चालणे शक्य नव्हते.

तरीही तो बराच काळ चालवला गेला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात आणि २९ नोव्हेंबरला अडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजांसमोर उतरलेले ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी लाल लोकरी कोटात होते. गळ्याशी ताठ चामडी पट्टा, छातीवर बटणांच्या रांगा, अंगाला घट्ट बसणारा काट. त्या काळच्या लष्करी समजुतीप्रमाणे पोशाखाचे पहिले काम शिपायाला ताठ उभे ठेवणे आणि दुरून ओळखू आणणे हे होते. बंदुकीच्या दारूच्या धुरात आपली माणसे दिसावीत म्हणून लाल रंग उपयोगी पडे. उन्हाचा विचार त्यात नव्हता. छावणीतले अधिकारी मात्र कवायत संपली की पांढऱ्या सुती कपड्यात वावरत. हळूहळू उन्हाळ्यापुरता पांढरा पोशाख नियमात आला. लोकरीच्या कोटाला पहिली माघार घ्यावी लागली ती या पांढऱ्या सुती कापडापुढे.

पांढऱ्या कपड्याची अडचण उघड होती. तो मळे आणि शत्रूला लांबून दिसे. १८४६ च्या अखेरीस हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने पेशावर येथे ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही तुकडी उभारली आणि तिला तिथल्या मातीशी मिसळून जाणाऱ्या रंगाचे सैल कपडे दिले. लष्करी पोशाखात खाकी रंगाची सुरुवात इथून धरतात. सुरुवातीचा रंग घरगुती होता. कापड नदीच्या गाळात चोळायचे, झाडपाल्याच्या रंगात बुडवायचे आणि वाळवायचे. १८५७ च्या उन्हाळ्यात दिल्ली-लखनौच्या मोहिमांवर निघालेल्या गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, कॉफी, शाई, चिखल, जे हाताशी येईल त्यात बुडवून मळकट करून घेतले. त्यामुळे एकाच पलटणीत राखी, पिवळसर, जांभळट अशा नाना छटा दिसत.

त्याच वर्षाने रायपूरलाही हादरा दिला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात मृत्युदंड देण्यात आला. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी तिसऱ्या पलटणीच्या दारूगोळ्याच्या कोठारावरचा हनुमानसिंग याने साथीदारांसह सार्जंट मेजर सिडवेल याला त्याच्या घरात शिरून ठार केले. शिपायांनी काही तास प्रतिकार केला. पकडलेल्या सतरा जणांना २२ जानेवारीला सर्वांसमोर फाशी देण्यात आली, हनुमानसिंग मात्र इंग्रजांच्या हाती लागला नाही. गणवेशांचा संग्रह करणाऱ्याने ही घटना विसरून चालणार नाही. फाशी देणारा अधिकारी आणि फाशी जाणारा शिपाई एकाच पलटणीचा पोशाख अंगावर घालत होते. अधिकाऱ्याचे कपडे पेटीत बंद होऊन घरोघरी उरले, शिपायाचे अंगावरच झिजले. आज जगातल्या कोणत्याही संग्रहात अधिकाऱ्यांचे कोट ढिगाने आणि शिपायांचे सदरे मोजके दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

खाकीला स्थैर्य आले ते रसायनशास्त्रामुळे. गाळाचा आणि झाडपाल्याचा रंग परटाच्या दगडावर दोन-चार महिन्यांत उतरे. १८८४ मध्ये लँकेशायरमधल्या फ्रेडरिक गॅटी याने धातूंच्या क्षारांपासून बनणाऱ्या पक्क्या खाकी रंगाचे पेटंट घेतले. हा रंग उन्हाला आणि धुण्याला टिकत होता. १८८५ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या फौजेने मोहिमेवरचा पोशाख म्हणून खाकी ड्रिल स्वीकारले, शतकाच्या अखेरीस समुद्रापारच्या सगळ्या इंग्रज ठाण्यांवर ते पोहोचले, आणि १९०२ मध्ये खुद्द इंग्लंडमधल्या फौजेलाही मातकट रंगाचा पोशाख मिळाला. सरहद्दीवर गाळात चोळलेल्या कापडापासून निघालेली ही कल्पना साम्राज्याच्या राजधानीपर्यंत गेली. पुढे तीच जगातल्या बहुतेक सैन्यांनी उचलली.

१९०० ते १९१४ या काळातला अधिकाऱ्याचा खाकी ड्रिल कोट जवळून पाहिला तर त्याच्या शिवणीत बरीच माहिती सापडते. ड्रिल म्हणजे तिरप्या विणीचे, घट्ट, जाडसर सुती कापड. कोटाला पूर्ण अस्तर नसते. असलेच तर खांद्यापाशी आणि पाठीच्या वरच्या भागात अर्धे असते, म्हणजे घाम टिपला जाईल पण ऊब साचणार नाही. काखेत हाताने काजासारखी गोल छिद्रे केलेली असतात, वारा खेळावा म्हणून. चार खिसे, वरच्या दोन खिशांना मध्ये चुणी, कमरेवर पट्टा अडकवायला पितळी आकडे. मात्र या कोटाची खरी खूण बटणांत आहे. पुढच्या काठावर एका बाजूला नेहमीची काजे असतात आणि दुसऱ्या बाजूला बटणे शिवलेली नसून तिथेही काजे केलेली असतात. बटणाची मागची कडी त्या छिद्रातून आत घालायची आणि आतून चापाच्या छोट्या कड्यांनी अडकवायची. धोब्याकडे कपडे देताना सगळी बटणे, तारे, बिल्ले आणि खांद्याच्या पट्ट्या काढून घ्यायच्या आणि धुऊन, खळ घालून, इस्त्री होऊन आल्यावर परत चढवायच्या. दिवसाआड धुवाव्या लागणाऱ्या कपड्याची ही सोय आहे. लोकरी कोटात ती दिसत नाही.

धुण्याचा परिणाम रंगातही दिसतो. नवे ड्रिल गडद असते, वर्षभरात ते फिके पडते आणि जुन्या कोटाचा रंग कधी कधी जवळजवळ सायीसारखा होतो. कॉलरच्या आत, काखेत आणि जिथे चामडी पट्टा घासतो तिथे मात्र मूळ छटा किंवा घामाचा काळसरपणा राहतो. कोट आणि विजार वेगवेगळ्या वेळी शिवलेली असली तर दोघांच्या रंगांत फरक पडतो. अनुभवी संग्राहक अशा फरकाला दोष मानत नाहीत. सगळे तुकडे एकाच छटेचे, कुठेही घासलेले नाहीत, असा संच समोर आला तर उलट त्यांना संशय येतो.

खांद्यावरून कमरेपर्यंत जाणारा तपकिरी चामडी पट्टा हा या पोशाखाचा ठरलेला जोडीदार. सॅम ब्राउन या अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ मध्ये पिलिभीतजवळच्या लढाईत तुटला. एका हाताने तलवार उपसताना म्यान हलू नये म्हणून त्याने कमरेच्या पट्ट्याला खांद्यावरून आधार दिला, आणि ती युक्ती त्याच्या नावाने जगभर रूढ झाली. भारतीय पोलीस आणि सैन्यातले अधिकारी समारंभाला आजही हा पट्टा बांधतात.

डोक्यावरची हॅट हा तर या संग्रहाचा मानाचा भाग. तिचा सांगाडा भेंडाचा. लग्नातली बाशिंगे ज्या पांढऱ्या, हलक्या, सच्छिद्र गाभ्याची करतात तोच हा पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचा गर. बंगालात त्याला शोला म्हणतात आणि तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्यापासून मुकुट, फुले, मूर्तींचे दागिने करत आले आहेत. गराच्या पातळ पट्ट्या साच्यावर एकमेकींवर चिकटवून हॅटीचा आकार देत, वरून खाकी किंवा पांढरे कापड ताणून बसवत, आतून हिरवे किंवा लाल अस्तर लावत. डोके आणि हॅट यांच्यामध्ये वारा फिरावा म्हणून चामडी पट्टी थोडी सुटी ठेवलेली असे. बाहेरून मलमलीचा फेटा घड्या घालून गुंडाळत, आणि त्या घड्यांची संख्या व रंगीत पट्टी यांवरून पलटण ओळखू येई. १९०० च्या सुमारास रूढ झालेली, मागे रुंद उतरती कड असलेली वूल्झ्ली नमुन्याची हॅट संग्राहकांना सर्वांत परिचित आहे. तिचा सांगाडा बहुधा भेंडाऐवजी बुचाच्या सालीचा असे.

या पोशाखात विज्ञान होते तसा भ्रमही होता. उष्ण प्रदेशातला सूर्य गोऱ्या माणसाच्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर थेट आघात करतो, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. म्हणून कोटाच्या आत कण्यावर कापूस भरलेली लांब गादी बसवत. पोटाला फ्लॅनेलचा पट्टा बांधला की पटकी होत नाही, असेही मानत, आणि भर उन्हाळ्यात तो पट्टा बांधण्याचे हुकूम असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेतल्या लुइगी सांबोन याने एका बाजूने मातकट आणि आतून लालसर दिसणारे सोलारो नावाचे कापड पुढे आणले. घातक किरण अडवायला लाल रंग हवा, असा त्यामागचा तर्क होता. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्याने शिपायांना नारिंगी-लाल आतले कपडे देऊन हीच कल्पना तपासून पाहिली आणि फायदा काही दिसला नाही. दुसऱ्या महायुद्धात शिपाई साध्या टोप्या घालून उन्हात लढले, त्यांना काही झाले नाही, आणि भेंडाच्या हॅटीचे वैद्यकीय महत्त्व संपले. कण्याची गादी किंवा पोटाचा पट्टा आज क्वचितच सापडतो. वैद्यकाच्या इतिहासासाठी असा एक तुकडा दहा बिल्ल्यांहून मोलाचा आहे.

या पोशाखाची दुसरी परंपरा भारतीय अंगाची आहे. घोडदळाच्या रिसाल्यांत इंग्रज अधिकारी सुद्धा समारंभाला गुडघ्यापर्यंत येणारा सैल कुर्ता, डोक्याला फेटा आणि कमरेला रंगीत कमरबंद बांधत. उन्हात वावरणाऱ्या माणसाने शतकानुशतके जे घातले तेच हे कपडे. त्यांवर फक्त पलटणीचे रंग आणि जर चढली. लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये संस्थानी राजपुत्रांसाठी काढलेल्या इंपीरियल कॅडेट कोअरचा पोशाखही पांढरा लांब कोट आणि आकाशी फेटा असा होता. रात्रीच्या मेसमध्ये मात्र आखूड पांढरे जाकीट आणि कमरबंद. हे जाकीट लोकरीच्या लाल जाकिटाची उन्हाळी प्रत होते, आणि त्यातही धुण्यासाठी बटणे सुटी ठेवलेली असत.

अधिकारी आपला गणवेश स्वतःच्या पैशाने शिवून घेत. त्यामुळे प्रत्येक कोटात शिंप्याची चिठ्ठी मिळण्याची शक्यता असते. लंडनच्या हॉक्ससारख्या दुकानांच्या चिठ्ठ्या दिसतात, तशाच कलकत्त्याच्या रँकन कंपनीच्या. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली आणि काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून उभी आहे. कापडाचा मोठा पुरवठा मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांकडून आणि कानपूरच्या गिरण्यांकडून होई. १९१४ मध्ये शाहजहांपूरला सैन्याच्या कपड्यांचा सरकारी कारखाना निघाला. मात्र छावणीच्या बाजारात बसून नमुन्याचा कोट उसवून त्यावरून नवा कोट जसाच्या तसा बेतणाऱ्या शिंप्यांची नावे कुठल्याच चिठ्ठीवर नाहीत. कामठीची छावणी १८२१ ची. तिच्या बाजारात आणि रायपूर-जबलपूरसारख्या ठाण्यांत शिवलेले कोट ओळखायचे असतील तर हातशिलाईचा घट्टपणा, स्थानिक सूत, काजांची धाटणी यांकडे पाहावे लागते. संग्राहकाचे खरे कसब इथे लागते, आणि त्या अनाम कारागिरांना न्याय देण्याची संधीही इथेच मिळते.

विसाव्या शतकात हा गणवेश भारतीय अधिकाऱ्यांच्या अंगावर आला. सुभेदार आणि जमादार पूर्वीपासून होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या भट्टीसारख्या उन्हात मराठा पलटणींच्या सुभेदारांनी आणि शिपायांनी हेच ड्रिल घातले. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली फौज शरण गेल्यावर त्यांतले वाचलेले लोक कैदेत गेले. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावात त्या युद्धात कामी आलेल्यांचे स्मारक आहे. १९१७ मध्ये पहिल्या काही भारतीयांना राजाचे कमिशन मिळाले, मग सँडहर्स्टचे दार थोडे उघडले, आणि १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात १९२६ मध्ये सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे नेतृत्व करून त्यांनी डीएसओ हा सन्मान मिळवला. त्यांच्याच ब्रिगेडमधल्या थिमय्या आणि सेन या दोन भारतीय अधिकाऱ्यांनाही तोच मिळाला.

ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकी उपयोगाची राहिली नाही. वाळवंटात मिसळून जाणारा हा रंग हिरव्या झाडोऱ्यात उठून दिसे. १९४२ च्या माघारीनंतर आधी खाकी कपडेच हिरव्या रंगात बुडवले गेले आणि नंतर हिरव्या कापडाचे सैल सदरे व विजारी निघाल्या. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे सैनिकांच्या बोलण्यातला ओजी, कायम ठेवला. २६ जानेवारी १९५० पासून बिल्ल्यांवरचा मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एखाद्या कोटावर एका खांद्याला मुकुटाच्या कड्यांची भोके आणि त्यांवर सिंह अडकवलेले दिसतात, तेव्हा तो कोट दोन्ही राजवटींत वापरला गेलेला असतो. असे नमुने साधेसुधे दिसले तरी संग्रहात त्यांना वरचे स्थान द्यावे.

काळ ठरवण्याच्या खुणा मोजक्या आहेत, पण भरवशाच्या आहेत. मुकुटाचा आकार व्हिक्टोरियाच्या काळात एक, १९०१ नंतरच्या राजांच्या काळात दुसरा. उभी बंद कॉलर साधारण १९१२-१३ पर्यंत, त्यानंतर उघडी कॉलर आणि टाय. पलटणींचे क्रमांक १९२२ च्या पुनर्रचनेत बदलले आणि मराठा पलटणी एकत्र येऊन ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ झाल्या, म्हणून खांद्यावरच्या पितळी अक्षरांवरून दशक सांगता येते. बटणाच्या पाठीवर फर्मिन किंवा गाँट यांसारख्या कारखानदारांची नावे असतात. सरकारी पुरवठ्याच्या मालावर बाणाचा शिक्का असतो, हिंदुस्थानी मालावर त्याला इंग्रजी ‘आय’ हे अक्षर जोडलेले असते. अधिकाऱ्याच्या खासगी कपड्यावर तो बहुधा नसतो. खिशाच्या आत शाईने लिहिलेले नाव मिळाले तर सैन्याच्या छापील याद्यांत त्या माणसाची नेमणूक शोधता येते.

नकली मालही बाजारात आहे. चित्रपटांसाठी शिवलेले कोट काही वर्षांनी जुने म्हणून विकले जातात. पॉलिस्टरचा दोरा हे त्यांचे पहिले लक्षण. अतिनील दिव्याखाली आधुनिक दोरा आणि कापड निळसर चमकते, कारण त्यात उजळपणासाठी रसायन मिसळलेले असते. पण जुना कोट कुणी आजच्या साबण-पावडरीने धुतला असेल तर तोही चमकतो, म्हणून केवळ या चाचणीवर निकाल देऊ नये. शिवण, झीज, बटणे आणि कागदपत्रे यांची साक्ष एकमेकींशी जुळली पाहिजे.

रायपूरच्या हवेत हे कपडे जपणे हे वर्षभराचे काम आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत भेंड ठिसूळ होते, चामड्याला तडे जातात. पावसाळ्यात खळ घातलेल्या ड्रिलला बुरशी धरते आणि ती खळच खायला कसर येते. सुती कोटापेक्षा मेसच्या लोकरी तुकड्यांना आणि फ्लॅनेलला कीड लवकर लागते. पितळ कळकते आणि त्याचा हिरवा डाग कापडात उतरतो, लोखंडी आकडे गंजतात. यावरचे उपाय खर्चिक नाहीत. कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळून, घड्यांत आम्लमुक्त कागदाच्या सुरळ्या घालून, आडवा ठेवावा. बटणांखाली कागदाची चकती घालावी. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवता येतो, पण त्यावर विसंबून राहू नये. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पेटी उघडून पाहावी. लोकरीत कीड दिसली तर कपडा हवाबंद पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवला की अळ्या मरतात. हा एवढा काळच प्लॅस्टिकचा अपवाद. भिंतीवर उन्हाच्या झोतात टांगलेला कोट काही वर्षांतच रंग गमावतो.

आणि कोट धुऊ नये. घामाचे डाग, शाईचे थेंब, कोपरावरचे रफू, घाईने शिवलेले बटण, हे सगळे त्या कपड्याचे लेखन आहे. ब्रासोने घासून चकाकवलेल्या बटणाच्या पाठीवरचे नाव झिजते. डाग गेला की तो कोट कुणी कोणत्या हवेत वापरला याचा पुरावा जातो, आणि उरतो तो नाटकाच्या पेटीतला पोशाख.

कायद्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. जुन्या तलवारीला शस्त्र कायद्याचे नियम लागू होऊ शकतात. सैनिक असल्याचा भास निर्माण करण्यासाठी गणवेश अंगावर घालणे हा गुन्हा आहे, म्हणून संग्रहातला कोट प्रदर्शनात शोभतो, रस्त्यावर नाही.

या विषयाला रायपुरात जागा आहे. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या नावाचे इथले संग्रहालय १८७५ पासून आहे, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. नागपूरचा अजब बंगला १८६३ चा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातले संग्रहालय आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातला संग्रह यांनी लष्करी पोशाख कसे मांडावेत हे दाखवून दिले आहे. राजपुत्रांसाठी जबलपूरला निघालेले राजकुमार कॉलेज १८९४ मध्ये रायपूरला आले, त्यामुळे छत्तीसगडच्या जुन्या जमीनदार आणि संस्थानी घराण्यांच्या पेट्यांतही अशा कपड्यांचा शोध घेण्यासारखा आहे. तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतल्या मराठी कुटुंबांतून सैन्यात, पोलिसांत, संस्थानांच्या नोकरीत गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या बाबतीतही तेच म्हणता येईल.

खासगी संग्राहकाची पहिली जबाबदारी नोंदीची आहे. कोट कुणाकडून आला, कुणाचा होता, तो माणूस कुठे आणि केव्हा नोकरीला होता, त्याचे छायाचित्र आहे का, हे एका वहीत कपड्याच्या क्रमांकासह लिहिले नाही तर दहा वर्षांत तो फक्त जुना खाकी कोट उरतो. नोंदीसकट ठेवलेला साधा सुभेदाराचा सदरा बिननावाच्या जरीच्या जाकिटाहून मोठा ठरतो. आणि ज्या राजवटीने रायपुरात सतरा जणांना फासावर चढवले तिचे कपडे जपताना त्या सतरा जणांची नावेही त्याच वहीत असावीत. तेवढे केले तर हा संग्रह कुणाच्या गौरवाचा राहत नाही, सगळ्यांच्या इतिहासाचा होतो.

म्हणून रायपूर, नागपूर, सातारा, कोल्हापूर, जिथे जिथे घराच्या माळ्यावर लोखंडी ट्रंक आहे, तिथल्या वाचकांना एवढीच विनंती की, आतला फिकट खाकी कोट बोहारणीला देण्याआधी एकदा उलटून पाहा. खिशातले नाव वाचा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, आणि जे कळेल ते कागदावर लिहून त्याच खिशात ठेवा. सांभाळणे जमत नसेल तर त्या कागदासह तो जवळच्या संग्रहालयाला द्या.